धामणीचा इशारा

"...पण बाबा, ज्यानं वाटाच दिला नाही, त्याच्यासाठी शिंग का फुंकायचं?"

तकियाच्या, म्हणजे आपल्या फकिरी मठीच्या, पडवीत बसून लतीफबाबा फाटकी गोधडी शिवत होते. सुईत दोरा जाईना, म्हणून त्यांनी तो ओठांत धरून ओला केला.

गोदाजी कारभारी उभाच होता. मोहरवाडीचा हा कारभारी चारचौघांत स्वतःला बाबांचा शिष्य म्हणवून घ्यायचा. शिष्य कसला! बाबांपुढं बसताना पागोटं जरा सैल करायचं, तेही त्याला जमत नसे. पण आज चैत्राच्या भर उन्हात तो अख्खी टेकडी चढून आला होता, आणि दोनदा बस म्हटलं तरी बसत नव्हता.

त्याला भीती वाटत होती. कबूल मात्र करणार नव्हता.

नदीपलीकडे पेंढाऱ्यांचा तळ पडला होता आणि त्यांच्याजवळ बाण होते. लोखंडी नळीत दारू ठासायची, नळी बांबूला बांधायची आणि वात पेटवून सोडून द्यायचं. गवताच्या छपरावर असा एक बाण पडला की अख्खी आळी गेलीच म्हणून समजा.

यावर पाच गावांनी मिळून तोड काढली होती. तकियाच्या वरच्या कड्यावर टेहळणीची चौकी बसवली. तिथला पहारेकरी शिंग फुंकी, आणि खाली लोक हौदात भिजत घातलेली म्हशीची कातडी ओढून छपरांवर पसरत. आधीच पसरून ठेवावीत तर उन्हानं ती घटकाभरात खडखडीत वाळायची. म्हणून सगळी भिस्त शिंगावर.

आता पाच गावं म्हणजे पाच मानपान आले. दुसऱ्याच्या नावाच्या शिंगावर धावायला कोणी तयार नाही! तेव्हा प्रत्येकाचा इशारा वेगळा ठरला. मोहरवाडीची एक लांब फुंक, धामणीच्या दोन तोकड्या, असं करत पाच गावांचे पाच इशारे. पहिली फुंक कोणाची, यावरूनसुद्धा डोकी फुटायची वेळ आली होती.

"धामणीनं यंदा पहाऱ्याचं धान्य दिलं नाही," गोदाजी म्हणाला. "टोळधाड आली म्हणे. टोळ काय आमच्या शेताला नमस्कार करून पुढं गेले? कातडी आमची जास्त, हौद आम्ही बांधले, पहारेकरी आम्ही पोसतो. आणि ही मंडळी आमच्या जिवावर निवांत घोरणार!"

"मग काय केलंस?"

"धामणीचा इशारा बंद केला."

सुई थांबली.

"परवाच कोंडू पहारेकऱ्याला हुकूम दिला. बाण धामणीकडे चालला असेल, तर शिंगाला हात लावायचा नाही. वाटा आला की पुन्हा सुरू."

"आणि बाकीच्या गावांचं शिंग ऐकून धामणीवाले सावध झाले तर?"

"तेच तर!" गोदाजीचे डोळे चमकले. "फुकटात सावध होतील लेकाचे. म्हणून कोंडूला बजावलंय, घाई करायची नाही. पूर्वी पलीकडच्या डोंगरावर बाण सोडायची बांबूची घोडी रोवलेली दिसली, की हा पाचही इशारे फुंकून मोकळा व्हायचा. आता आधी घोडीचं तोंड कोणीकडं वळतंय ते पाहायचं. मग फुंकायचं."

"तोवर काय करायचं त्यानं?"

"थांबायचं."

"थांबायचं..." बाबा म्हणाले, आणि त्यांनी दोऱ्याला गाठ मारली.

गोदाजी चुळबुळला. "बाकीच्या गावचे पाटील कुरकुर करतायत. तुम्ही एकदा म्हणालात, गोदाजीनं केलं ते बरोबर, की त्यांची तोंडं बंद होतील. तेवढ्यासाठी आलो."

खोटं बोलला. हुकूम दिल्यापासून त्याला घास गिळवत नव्हता. धामणी काही परमुलखात नव्हती, मधल्या टेकाडाच्या पलीकडे तर होती. तिथल्या लग्नांत तो जेवला होता, तिथल्या मयतांना खांदा दिला होता. आणि घरी त्याची लेक सरू बाळंतपणाला आलेली. बाळ पाचवीचंसुद्धा झालं नव्हतं. बाळंतिणीच्या खोलीवर छप्पर होतं ते गवताचंच, आणि सरूला अजून धड उठून उभं राहता येत नव्हतं.

"बाबा... बोला ना काहीतरी."

तेवढ्यात वरून कोंडूची हाक आली.

"कारभारीऽऽ! घोडी आणली!"

गोदाजी तसाच दगडधोंड्यांतून वर पळाला. पलीकडच्या डोंगरावर माणसं जमली होती, आणि त्यांच्यामधे बांबूची घोडी उभी राहत होती. घोडीवर लांबलचक बाण चढवलेला.

"फुंक की मग! बघत काय बसलास?"

"तोंड अजून वळलं नाही, कारभारी."

कोंडूनं शिंग ओठांपाशी धरलं होतं. पण हुकूम म्हणजे हुकूम. गरीब माणूस, त्याचं पोट त्या चौकीवर होतं.

घोडी हलली. तिचं तोंड मोहरवाडीकडे आलं, थोडं खाली झुकलं, पुन्हा उचललं गेलं. पेंढारी आपसांत काहीतरी बोलत होते. त्यांना कसली घाई!

"कोणीकडं?" गोदाजीला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

"कळत नाही... आपल्याकडं वाटतंय." कोंडूनं शिंग ओठाला लावलं, आणि पुन्हा काढलं. "नाही, नाही. वळवली. धामणी."

धामणी.

गोदाजीला हायसं वाटलं. अगदी मनापासून हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी त्या हायसं वाटण्याचीच त्याला धडकी भरली. खाली धामणीच्या अंगणांत बायका कुरडया वाळत घालत होत्या. एक म्हातारी काठीनं कोंबड्या हाकलत होती. हौद भरलेले होते, कातडी भिजलेली होती, आणि कोणाला काही म्हणजे काही पत्ता नव्हता.

टेकाडाच्या अलीकडे मोहरवाडीही तशीच होती. त्याच्या स्वतःच्या अंगणात बाळाची धुणी दोरीवर हलत होती. तिथंही सगळे शिंगाची वाट बघत निर्धास्त होते.

"कारभारी," कोंडू रडकुंडीला आला. "पुन्हा हलवतायत! आता मधेच धरलीय. इकडं का तिकडं काहीच कळेना हो! काय करू?"

पलीकडे एकानं हातातला पलिता खाली नेला. बारीक धूर निघाला.

गोदाजीनं कोंडूच्या हातातून शिंग हिसकलं, डोळे गच्च मिटले आणि जीव खाऊन फुंकलं. त्यानं आयुष्यात कधी शिंग वाजवलं नव्हतं. एक लांब नाही, दोन तोकड्या नाहीत, नुसता फाटका, भेसूर आवाज निघाला. दम संपला तरी तो फुंकत राहिला. पागोटं सुटून कड्यावरून खाली गेलं, त्याचीही त्याला शुद्ध नव्हती.

असला इशारा कुठल्याच गावाचा नव्हता. पण तो ऐकून पाचही गावांत एकच आरडाओरडा झाला. माणसं हौदांकडे धावली. छपरांवर ओली, काळी कातडी चढू लागली. मोहरवाडीत चढली, धामणीत चढली, जिथं बाण पोचणंसुद्धा शक्य नव्हतं तिथंही चढली.

आणि मग तो आवाज आला. आधी सूंऽऽ करत जाणारा, मग धप्प.

गोदाजी खडकाला पाठ लावून खाली बसला. डोळे उघडायचं धाडस होईना. कोणीतरी किंचाळतंय का, म्हणून तो कान देऊन ऐकत राहिला. किंकाळी आली नाही. कुत्री भुंकत होती, लोक एकमेकांना पाणी आणा, पाणी आणा म्हणून ओरडत होते, आणि तो ओरडा कुठल्या गावातून येतोय ते समजत नव्हतं.

अखेर त्यानं डोळे उघडले. टेकाडाच्या माथ्यावरून पांढरा धूर उठत होता. कुठंही ज्वाळा नव्हती, एकही छप्पर पेटलेलं नव्हतं. पण बाण टेकाडाच्या अलीकडे विझला होता की पलीकडे, ते काही त्या धुरावरून सांगता येत नव्हतं.

कोंडू केव्हाच चौकीमागच्या टाक्यावर पाणी प्यायला धावला होता. कड्याच्या तोंडाशी लतीफबाबा उभे होते. ते कधी वर आले, गोदाजीला कळलंही नव्हतं. सगळा वेळ ते उघड्या डोळ्यांनी आकाशाकडे बघत होते.

"बाबा," गोदाजीच्या ओठांतून रक्त येत होतं. शिंग त्यानं अजून छातीशी धरलं होतं. "बाबा, तुम्ही पाहिलंत ना?... कोणाकडं पडला? आमच्यात, का धामणीत?"

बाबा त्याच्याकडे वळले.

"फुंकताना नाही विचारलंस ते."