पितळी प्याला आणि काचेची पेटी

एका गावात ख्रिस्ती लोकांची छोटीशी मंडळी होती. माणसं मोजकी, चर्च कौलारू आणि प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचा प्याला एकच, पितळेचा. पिढ्यान्‌पिढ्या सगळे त्याच प्याल्याला तोंड लावत आले होते. तो सांभाळायचा मान बर्णबाअण्णांकडे होता. प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी ते तो चिंचेने असा घासत, की त्यात पाहून खुशाल दाढी करावी.

हनोख मास्तर हे अण्णांचे लहानपणापासूनचे मित्र. पवित्र शास्त्र त्यांना तोंडपाठ. एकदा ते शहरातून काचेच्या इवल्या प्याल्यांची पेटी घेऊन आले आणि म्हणाले, "यापुढे ज्याला त्याला वेगळा प्याला द्यावा."

अण्णांचं डोकंच फिरलं. "वाडवडिलांची रीत मोडायची?"

"रीत माणसांनी घातली, बर्णबा. प्याला एकच आणि पितळेचाच असावा, असं शास्त्रात कुठे लिहिलंय ते दाखव."

"आणि काचेचे पन्नास असावेत, असं कुठे लिहिलंय ते तू दाखव!"

झालं. मंडळीत दोन तट पडले. पितळवाले उजव्या बाकांवर बसू लागले, काचवाले डाव्या. दोघा मित्रांचं बोलणंच बंद झालं.

खरं तर अण्णांच्या मनात वेगळंच होतं. त्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीला शिवायची बंदी होती. त्याच आजोबांनी ओठांना लावलेला हा प्याला नंतर वरच्या जातीतून आलेल्या एका माणसाने घेतला आणि न पुसता आपल्या तोंडाला लावला. ते आजोबा पुन्हा पुन्हा सांगत. प्याले वेगळे झाले की माणसंही पुन्हा वेगळी होतील, अशी अण्णांना धास्ती वाटे. पण हे त्यांनी हनोखला कधी सांगितलं नाही. रागावलेला माणूस मनातलं सोडून भलतंच बोलत बसतो.

मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब यांच्याकडे बरीच गावं होती. ते महिना-दोन महिन्यांनी फटफटीवर येत, तेव्हाच प्रभुभोजन होई. त्या रविवारी ते आले आणि पाहतात तर मेजावर भाकर आहे, द्राक्षरसाची बाटली आहे, पण प्याला नाही. पितळी प्याला अण्णांच्या घरी ट्रंकेत कुलपात होता. काचेच्या प्याल्यांची पेटी मास्तरांच्या मांडीवर होती आणि तिच्यावर मास्तरांचे दोन्ही हात होते.

पाळकसाहेबांनी नेहमीची सूचना दिली. "ज्यांचं आपसात वैर असेल, त्यांनी आधी बाहेर जाऊन समेट करावा, मग मेजाशी यावं."

एरवी ही सूचना ऐकून कोणी हलत नसे. आज पाळकसाहेब मात्र थांबून राहिले. वचन पाठ असलेले मास्तर आधी उठले. रीत पाळणारे अण्णा त्यांच्या मागोमाग उठले. मग उजवी बाकं रिकामी झाली, डावीही झाली. चर्चमध्ये एकटी एस्तेर उरली. ही मास्तरांची सून. सगळ्यात मागे, खिडकीशी, तोंडाला पदर लावून बसणारी. तिचं कोणाशीच वैर नव्हतं.

पाळकसाहेबांनी पाणी प्यायचं फुलपात्र घेतलं, त्यात द्राक्षरस ओतला आणि तिच्याकडे गेले. ती बिचकून मागे सरली.

"नको साहेब. माझा खोकला हटत नाही. माझ्यामुळे दुसऱ्यांना लागायला नको, म्हणून मी घेतच नाही."

"पोरी, आज दुसरं आहे कोण?"

एस्तेरने भाकर घेतली, फुलपात्र ओठांना लावलं आणि ढसाढसा रडली. अण्णा दाराशीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. प्याला घेऊन बाकाबाकाशी तेच तर फिरत. ही पोर कित्येक वर्षं नुसती मान हलवी, आणि ती लाजत असेल असं समजून ते पुढे जात.

ते तडक मास्तरांकडे गेले. "सुनेसाठी आणलेस होय रे ते प्याले? मग तसं सांगायचंस!"

"तिनंच शपथ घातली होती," मास्तर हळूच म्हणाले. "कळलं तर आपल्या हातचं पाणी कोणी पिणार नाही म्हणाली. मग मी आपली वचनंच सांगत बसलो."

अण्णा ओट्यावर बसले. मग त्यांनी आजोबांची सगळी हकिगत सांगितली. मास्तरांनी त्यांचा हात धरला. "अरे, हे इतक्या वर्षांत एकदा तरी बोलायचंस!"

अण्णा स्वतः घरी जाऊन ट्रंकेतला प्याला घेऊन आले. पितळी प्याल्यात द्राक्षरस ओतला गेला, सगळ्यांसाठी एकच प्रार्थना झाली आणि अण्णांनी आपल्या हाताने तो काचेच्या एकेका प्याल्यात वाढला. हे बरोबर की चूक, यावर काहीजण अजूनही वाद घालतात. पण आता वाद घालणारे एकाच बाकावर बसतात.

तात्पर्य: शास्त्र मानावं, रीतही जपावी; पण त्यांच्यासाठी भांडायला उठण्याआधी आपल्या पंगतीत कोण उपाशी राहिलंय, ते पाहावं.