धैर्यसेन राजाचा पहिला पंखा

एका राज्यात धैर्यसेन नावाचा राजा होता. शूर होता, दानी होता, पण हौस चढली की त्याला मागचंपुढचं सुचत नसे. एकदा जांभुळबनात त्याला निळा पक्षी दिसला. राजाला पागोट्यासाठी तुरा हवा होता. त्यानं पक्षी धरला, उजव्या पंखाचं सगळ्यांत लांब पीस सुरीनं कापलं आणि पागोट्यात खोवलं. एवढ्याशा हौसेपायी, बरं का!

पक्षी बोलला, "राजा, तू माझं उडणं कापलंस. तुझी लेक पाखरू होईल. रोज दिवेलागणीला तिचे मूठभर शब्द गळतील. शेवटचा शब्द गळायच्या आत तुझ्याच हातांनी हे पीस जोड. नाही जमलं, तर ती रानाची."

राजा धावत महाली आला. राजकन्या मेघावती झोपाळ्यावर नव्हती. झोपाळ्याच्या कडीवर एक करडं पाखरू बसलं होतं.

"आबा, मला कसंसंच होतंय," पाखरू म्हणालं.

राजानं पागोट्यातलं पीस उपसलं. तो डिंक घेऊन तसाच बनात परतला आणि पीस चिकटवलं. पक्ष्यानं पंख झटकला, पीस खाली. मग लेकीला खांद्यावर घेऊन तो भिवराईकडे गेला. देवळांसाठी पिसांचे पंखे आणि मोरचेलं बांधणारी ही म्हातारी गावाच्या टोकाला राहायची.

"भिवराई, मला पीस जोडायला शिकव."

"शिकवीन, महाराज. आधी नखं काढा."

तिनं तीन कामं सांगितली, आणि ती पुरी होईतो जिवंत पंखाला हात लावायचा नाही असं बजावलं. पहिलं काम, गळून पडलेली पिसं वेचायची. उपटलेलं एक जरी निघालं तर दार बंद. राजा तळ्याकाठी, झाडाखाली ओणवा होऊन फिरला. पाठ धरली, पण टोपली भरली. एक पीस त्यानं शेंड्याकडून पुसलं तर ते केसाकेसांनी फाकलं.

"देठाकडून शेंड्याकडे, महाराज. गोंजारा, पुसू नका."

राजानं गोंजारलं, पीस पुन्हा मिटलं. इतकी वर्षं तुरे मिरवले, पण हे त्याला ठाऊक नव्हतं!

दुसरं काम, डावी-उजवी वेगळी करायची. डाव्या पंखाचं पीस एका बाजूला वाकतं, उजव्याचं दुसऱ्या, आणि मिसळली की पंखा नीट बसत नाही. राजाला सगळी सारखीच दिसत. ढीग करी, भिवराई मोडी. मेघावती मूळची बोलघेवडी, म्हणून शब्दांचा साठा मोठा होता. तरी या कामात पावसाळा गेला, हिवाळा गेला. तिला फुलांची नावं आठवेनात, मग मैत्रिणींची. राजाचा जीव तुटे, आणि घाई केली की पिसं पुन्हा मिसळत.

तिसरं काम पंख्याचं, सगळा उजव्या पिसांचा. राजानं मोठी देखणी पिसं आधी वर लावली आणि बारकी खाली दडपली.

"हा दरबार मांडलात, महाराज. पंखा खालून वर चढतो. वरच्या ओळीनं खालच्यांचे देठ झाकायचे."

राजानं सगळं उसवलं. बोटांची चाळण झाली, पण पंखा झाला. भिवराईनं तो उलटसुलट पाहिला आणि तोंडाला पदर लावला. मेघावती मात्र पंख्यावर उडी मारून एकाच जागी चोच मारत सुटली. भूक लागली असेल म्हणून राजानं दाणे टाकले. तिनं ढुंकून पाहिलं नाही. तिच्याजवळ आता एकच शब्द उरला होता. आबा.

भिवराईनं बांबूची बारीक काडी हातावर ठेवली. "देठ पोकळ असतो, महाराज. अर्धी काडी पिसात, अर्धी पंखातल्या खुंटात. आता जा."

लेकीला खांद्यावर आणि ते निळं पीस हातात घेऊन राजा बनात पोचला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. पक्षी जमिनीवर खुरडत होता.

"चुकलो," राजा म्हणाला.

"हात चालव," पक्षी म्हणाला.

काडी पिसात शिरली, खुंटात शिरेना. राजानं पुन्हा पुन्हा सरकवून पाहिली.

"आबा," खांद्यावरून आवाज आला.

आता हाही शब्द जाणार, राजाला वाटलं. डोळे भरले, पण त्यानं मान वर केली नाही. देठाकडून शेंड्याकडे पीस हळूच गोंजारलं, बाक बाकाशी जुळवला आणि काडी अलगद आत सरकवली. पक्षी उडाला. बनावर एक पूर्ण फेरी घेतली आणि दिसेनासा झाला.

खांदा हलका झाला होता. मागे वळून पाहायची राजाला छाती होईना.

"आबा," मागून आवाज आला, "तुमच्या पंख्यातलं तिसरं पीस डावं आहे. चोच मारून मारून थकले मी!"

राजा वळला, तर पाखरू नव्हतं, मेघावती उभी होती. लेकीला पोटाशी धरून तो रडलाही आणि हसलाही.

पुढे राज्यात गळालेलीच पिसं वापरायची अशी रीत पडली, आणि राजाचं पागोटं बिनतुऱ्याचं राहिलं. पंखा दरबारात टांगला आहे. तिसरं पीस बाहेर डोकावतं. प्रधानाचे हात शिवशिवतात, पण राजा कुणाला हात लावू देत नाही. त्याच्या हातून तुटलं ते त्याच्याच हातून जुळलं, तसं तुमचंआमचंही जुळो.