मिथिलचा रिकामा हात

सगुणाकाकूंच्या परसात होती गोबरगॅसची टाकी. टाकीत शेणाचा चिखल. चिखलात बुडबुडे. बुड बुड बुड!

तिथं राहायचा एक कार्बन. काळा कुळकुळीत, इवला इवला. त्याला चार हात. चार हातांत चार बहिणी. बहिणींचं आडनाव हायड्रोजन. धाकटी होती चिमी.

चारही हात भरलेले, म्हणून सगळे त्याला म्हणायचे मिथेन. मिथेन हलका हलका. वर वर तरंगायचा.

एकदा काय झालं? बुडबुडा फुटला. फट्! चिमीचा हात सुटला. खाली होता ढब्बू जंतू. त्यानं चिमीला गिळलं. गट्ट!

आता उरल्या तीनच बहिणी. एक हात रिकामा. मिथेनचा झाला मिथिल! त्याला वर जाता येईना. तो रडला मुसूमुसू. मग डोळे पुसले.

"जंतू जंतू, चिमीला सोड!
माझा हात रिकामा!"

"ऊंहूं! मला भूक लागलीय. शेण आलं तर जेवीन. जेवलो तर सोडीन."

मिथिल निघाला, शेणाच्या नळीतून बाहेर. टुणुक टुणुक टुणुक! टाकीबाहेरच्या कुंडीत बसलं होतं शेण. घट्ट गोळा.

"शेणा शेणा, टाकीत चल!
जंतू जेवेना,
चिमी सुटेना,
माझा हात रिकामा!"

"ऊंहूं! मी सुकलोय. पाण्यानं भिजवलं तर येईन."

टुणुक टुणुक टुणुक! बादलीत होतं पाणी. गारेगार.

"पाण्या पाण्या, कुंडीत ये!
शेण भिजेना,
जंतू जेवेना,
चिमी सुटेना,
माझा हात रिकामा!"

"ऊंहूं! मला पाय कुठायत? काकूंनी ओतलं तर येईन."

टुणुक टुणुक टुणुक! ओसरीवर बसल्या होत्या सगुणाकाकू. मांडीवर बाळ.

"काकू काकू, बादली ओता!
पाणी येईना,
शेण भिजेना,
जंतू जेवेना,
चिमी सुटेना,
माझा हात रिकामा!"

"कशी ओतू रे राजा? बाळ रडतंय ना! ते हसलं तर उठेन."

"बाळा बाळा, हास की रे!
काकू उठेना,
पाणी येईना,
शेण भिजेना,
जंतू जेवेना,
चिमी सुटेना,
माझा हात रिकामा!"

"ट्यँहँ! ट्यँहँ! वासरू नाचलं तर हसेन."

टुणुक टुणुक टुणुक! गोठ्यात होतं वासरू. डोळे मिटलेले.

"वासरा वासरा, नाच रे नाच!
बाळ हसेना,
काकू उठेना,
पाणी येईना,
शेण भिजेना,
जंतू जेवेना,
चिमी सुटेना,
माझा हात रिकामा!"

"ऊंहूं! मी झोपलोय."

आणि वासरू घोरायला लागलं. घुर्र घुर्र!

आता कुणाकडे जायचं? पुढं कुणीच नव्हतं. मिथिलनं इकडं पाहिलं. तिकडं पाहिलं. मग पाहिलं आपल्या हाताकडं.

"अरेच्चा! हा हात रिकामाच आहे की!"

त्यानं हात घातला वासराच्या नाकात. गुदगुदगुद!

आऽऽक्छी!

वासरू नाचलं, थयथय.
बाळ हसलं, खुदुखुदु.
काकू उठल्या, लगबग.
पाणी आलं, भसाभस.
शेण भिजलं, पचपच. टाकीत घसरलं, घळघळ.
जंतू जेवला, मचमच. आणि दिली ढेकर. ढर्र!

ढेकरीबरोबर कोण आलं बाहेर? चिमी!

मिथिल टाकीत धावला. टुणुक टुणुक टुणुक! रिकामा हात पुढं केला. चिमीनं तो पकडला. घट्ट घट्ट!

"दादा, किती उशीर केलास!"

"अगं, केवढं फिरलो मी!"

तिघी बहिणी खिदळल्या. मिथिलचा झाला मिथेन! हलका हलका मिथेन निघाला वर. बुड बुड बुड!

हात भरले चारी,
गोष्ट झाली सारी!