अर्ध्या मिशीची संमती

माझं हिंगाचं दुकान गेनूच्या सलूनसमोरच, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. गेनूचा भाऊ पंधरा दिवस बेशुद्ध होता, आणि डॉक्टर इनामदारांना अजून कुणालाच न दिलेलं औषध त्याच्यावर आजमावायचं होतं.

"त्याला न विचारताच?" डॉक्टरांची दाढी करता करता गेनू म्हणाला.

"विचारलं की! तो कुठे नाही म्हणाला?" डॉक्टर हसले.

गेनूने वस्तरा त्यांच्या झुपकेदार मिशीला टेकवला. "साहेब, अर्ध्या मिशीची नवी फॅशन काढलीय. तुमच्यावर करून बघतो. नको असेल तर बोला."

ओठावर पातं! डॉक्टर नुसतेच "ऊं ऊं" करत राहिले.

"नाही म्हणाला नाहीत हं!"

डॉक्टरांनी त्याचं मनगट धरून वस्तरा बाजूला सारला. "अरे गाढवा, मी बोलणार कसा?"

"माझा भाऊ तरी कसा बोलणार, साहेब?"

मिशी शाबूत राहिली. औषधाची बाटलीही सीलबंदच राहिली.