महाराजांची वेबसाइट आणि मंजुळेचा डबा

फोन वाजत नव्हता! करंजगडच्या दरबार हॉलमध्ये मखमली उशीवर तो ठेवलेला असायचा. दिवाणजी रोज त्याला पुसायचे, चार्जिंगला लावायचे. पण पठ्ठ्या तोंड उघडेल तर शपथ!

भैरोजीमहाराजांचं राज्य आजोबांच्या वेळीच गेलेलं. उरला होता हा हॉल, एक दिवाणजी आणि महाराजांचा हट्ट. त्या हट्टापायीच त्यांनी एक छोटी संस्था काढली होती. कुणाच्या घरावर मधमाशांचं पोळं बसलं की लोक ते जाळून टाकतात. तसं न करता कमळू ठाकर आणि त्याचे जोडीदार पोळं अलगद काढून रानात नेऊन ठेवणार. काम सोन्यासारखं! पण बोलावणार कोण?

"दिवाणजी, आपली वेबसाइट गूगलवर दिसते ना?" महाराज कडाडले.

"दिसते म्हणजे काय सरकार, पहिली दिसते!" दिवाणजींनी लगेच टाइप करायला घेतलं, 'श्रीमंत भैरोजीराजे करंजगडकर मधुमक्षिका संरक्षण, संवर्धन व जनप्रबोधन प्रतिष्ठान'. टाइप होईतो चहा निवला, पण साइट पहिली आली खरी!

"मग फोन का येत नाही?"

दिवाणजींनी फोन पुन्हा एकदा पुसून घेतला.

"दसऱ्यापर्यंत हा फोन वाजला पाहिजे! नाही वाजला तर संस्था बंद!"

कमळू दाराशी उभा राहून ऐकत होता. संस्था बंद म्हणजे पाच घरांच्या चुली बंद. घरी येऊन त्यानं लेकीला सगळं सांगितलं. लेक मंजुळा बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. तिनं साइट उघडली. आधी महाराजांची तसबीर, मग पदव्या, मग तलवारी घेतलेले सगळे पूर्वज. फोन नंबर होता पार तळाला, शेवटच्या पूर्वजाच्या घोड्याखाली!

"अगंबाई! बाबा, इथवर पोचेतो माशा माणसाला फोडून काढतील की!"

दुसऱ्याच दिवशी ती महाराजांपुढे उभी राहिली. "महाराज, साइट मी वर आणते. तोवर हा फोन माझ्याकडे द्या."

"आण! फोनही ने. पण आमच्या पानावरचा एक शब्द हलता कामा नये. आणि पैसा एक मिळणार नाही."

दिवाणजी मिशीत हसले. "म्हणजे पोरी, भाकरी थापायची, पण पिठाला हात न लावता!"

"थापते की," मंजुळा म्हणाली, "तुम्ही फक्त जेवायला या!"

ती तडक बाजारात गेली आणि दिसेल त्याला विचारत सुटली, "घराला पोळं बसलं तर मोबाइलला काय विचाराल?" भाजीवाली म्हणाली, "विचारीन, बाबा रे, पोळं कसं काढू?" शाळेचा शिपाई म्हणाला, "माशी चावली, डोळा सुजला, काय लावू?" मधुमक्षिका म्हणणारा एकही भेटला नाही, आणि जनप्रबोधन तर कुणाला चावलंच नव्हतं!

मंजुळेनं साइटला एक वेगळं पान जोडलं. त्यावर लोकांचे प्रश्न जसेच्या तसे घेतले, त्यांची सरळ उत्तरं लिहिली, कुठल्या गावांना माणसं येतात ते सांगितलं आणि फोन नंबर सगळ्यात वर ठेवला. कमळूनं पूर्वी ज्यांची पोळी काढली होती, त्या शाळेला, डेअरीला, ग्रामपंचायतीला तिनं गळ घातली, "तुमच्या साइटवर आमचा पत्ता द्या ना!" चार शहाण्यांनी नाव घेतलं की गूगलसुद्धा कान टवकारतं.

दसरा उजाडला. दरबार भरला. मंजुळा आली ती हातात पत्र्याचा डबा घेऊन. डब्यातून आवाज येत होता, घूंऽऽ घूंऽऽ!

"आग्या माशा!" दिवाणजी खांबामागे गेले.

"महाराज, झाकण जरा सैल आहे," मंजुळा म्हणाली. "माशा उठल्या तर काय करायचं, तेवढं बघून ठेवता का?"

महाराजांनी घाईघाईनं स्वतःचा मोबाइल तोंडाशी धरला. "माशा मागं लागल्या तर काय करू?"

पहिलंच नाव आलं, करंजगड! महाराज डोळे फाडून वाचू लागले, 'हात झाडू नका. तोंड झाका, घरात शिरा, दार लावा. आणि इथे फोन करा.' त्यांनी झटकन नंबर दाबला.

डबा पुन्हा घुमला, घूंऽऽ घूंऽऽ!

मंजुळेनं झाकण काढलं. आत मखमली उशीवरचा तोच फोन!

"माशा नाहीत महाराज, माणसं आहेत! गेले पंधरा दिवस दम नाही त्याला. आत्ता घटकाभरच व्हायब्रेटवर टाकून डब्यात ठेवलाय. लोक खोळंबलेत, तेव्हा रागवायचं असेल तर लवकर रागवा!"

"आणि आमचं पान?" महाराजांनी भुवई चढवली.

"बघा की! घोडासुद्धा हलवला नाही. महाराज, वाड्याचा मोठा दरवाजा हत्तीसाठी असतो, माणसं त्यातल्या छोट्या दिंडी दरवाजातून येतात. तुमचा दरवाजा तसाच ठेवला, मी बाजूला दिंडी पाडली!"

तेवढ्यात फोन परत घुमला. महाराजांनी ऐटीत उचलला, स्पीकर लावला. "आम्ही श्रीमंत भैरोजीराजे करंजगडकर मधुमक्षिका संरक्षण, संवर्धन व..."

"आरं बाबा, नाव मागनं सांग!" पलीकडून एक म्हातारी ओरडली. "आधी माशांचं बघ!"

महाराजांचे गाल फुगले, मिशी थरथरली, आणि ते असे खदखदून हसले की फेटा मांडीवर आला! कमळू म्हातारीचं गाव विचारून दोर घेऊन धावलासुद्धा.

महाराजांनी खांद्यावरचा शेला काढून मंजुळेच्या खांद्यावर घातला. पाची जणांना कायमचा पगार बांधून दिला. "बोल पोरी, आणखी काय हवं?"

"आणखी एक फोन, महाराज. हा सारखा लागलेला असतो!"

महाराजांनी स्वतःचा फोन तिच्या हातावर ठेवला आणि खांबामागून बाहेर येणाऱ्या दिवाणजींना हुकूम सोडला, "आजपासून फोन तुम्ही उचलायचा! आणि उचलल्यावर नुसतं 'हॅलो' म्हणायचं!"