जमिनीवर ठेवलेला माणूस

एकदा एका वृद्ध संशोधकाने भर पाहुण्यांसमोर, कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला यंत्रावरून काढून जमिनीवर ठेवायला लावले. त्या क्षणी सर्वांत जास्त संतापली ती त्यांची स्वतःची शिष्या, आणि तिचा संताप अकारण नव्हता.

मणक्याला इजा झालेली माणसे पुन्हा उभी राहावीत म्हणून तिने एक यंत्र सिद्ध केले होते. पट्ट्यांनी बांधलेल्या माणसाला ते उभे करी, त्याचे पाय उचलून पुढे टाकी. त्या दिवशी यंत्रावर होता दत्ताराम. आंबे उतरवताना झाडावरून पडला, तेव्हापासून कमरेखाली त्याला काही कळत नव्हते. यंत्रासाठी पैशांची मदत देऊ पाहणारी मंडळी समोर बसली होती. दत्तारामची पावले पडू लागली तशा टाळ्या झाल्या, कोणाचे तरी डोळे पाणावले. शिष्येने अभिमानाने सांगितले की, या केंद्रात आम्ही रुग्णाला फुलासारखे जपतो. आजवर एकालाही जमिनीला टेकू दिलेले नाही.

कोपऱ्यात बसलेले गुरू हे ऐकून उठले. त्यांनी यंत्र थांबवले, पट्टे सोडायला सांगितले. सेवक दत्तारामला चाकांच्या खुर्चीकडे नेऊ लागले, तेव्हा ते म्हणाले, “खुर्चीत नाही. खाली ठेवा.”

सेवकांनी शिष्येकडे पाहिले. पण गुरूंचा शब्द मोडायची तिथे रीत नव्हती. दत्ताराम सतरंजीवर ठेवला गेला. गुरूंनी खुर्ची त्याच्या पाठीशी आणून तिची चाके अडकवली, मध्ये एक उंच लाकडी पाट ठेवला आणि हातातली काठी आडवी धरून बजावले की, कोणीही हात लावायचा नाही.

दत्तारामने मागे हात टेकून अंग उचलले. कंबर पाटाच्या कडेला लागली आणि तो कुशीवर कोसळला. कोपर फरशीवर आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्याची बायको अनुसया तोंडात पदर कोंबून उभी होती. एक पाहुणे उठून दाराकडे निघाले. शिष्या धावली, तर काठी तिच्या पुढ्यात आली.

“काठी काढा, सर. माणूस आहे तो. तमाशा नाही.”

“टाळ्या पडत होत्या तेव्हा कोण होता?”

उत्तर आले ते खालून.

“त्यांना बोलू नका, ताई. मीच त्यांच्या मागं लागलो होतो, मला एकदा खाली सोडा म्हणून.”

मग धापा टाकत त्याने जे सांगितले ते कोणाला ऐकवेना. दिवाळीनंतर घरी गेला असताना तो खाटेवरून घसरला. अनुसया शेतावर. उठता येईना. चौथीतली मुलगी शाळेतून आली तोवर त्याच्याकडून कपड्यांतच सगळे झाले होते. त्या पोरीने बापाला पुसले. तेव्हापासून तो घरी असला की ती शाळेत जायला तयार होत नव्हती. बाबांना एकटे सोडणार नाही म्हणत होती.

“इथं जरा घसरलो की चार माणसं धावतात,” दत्ताराम म्हणाला. “घरी तेवढी पोर आहे. तिचं शिक्षण माझ्यापायी गेलं तर मी चालून तरी काय करू?”

कित्येक महिने शिष्येने या माणसाचे प्रत्येक पाऊल मोजले होते, आणि त्याला मुलगी आहे हेसुद्धा तिला ठाऊक नव्हते. मग तिचा राग पुन्हा उसळला.

“तुम्हाला हे माहीत होतं, तर मला का सांगितलं नाहीत? दर वेळी आम्हाला असं तोंडघशी पाडूनच शिकवायचं का?”

“सांगायला हवं होतं. चुकलंच माझं,” गुरू म्हणाले. “पण ऐक. हा कसा चालेल, हा तुझा प्रश्न चांगला आहे, तो सोडू नकोस. मात्र आपल्याकडे माणूस जेवतो जमिनीवर, बसतो जमिनीवर, आणि पडतोही तिथंच. आपण याला जमिनीपासून इतकं जपलं, की तिची याला भीती बसली. कधी पडणारच नाहीस, असं वचन आपण कोणालाच देऊ शकत नाही. पडल्यावर उठणं कदाचित शिकवता येईल. हे मलाही सुचलं नव्हतं. त्याच्याजवळ बसून विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं.”

दत्तारामने पुन्हा हात टेकले. दंड थरथरले, मानेच्या शिरा तटतटल्या, आणि या वेळी तो पाटावर आला. तिथून खुर्ची मात्र त्याला गाठता आली नाही. कोणी टाळी वाजवली नाही.

गुरूंनी काठी बाजूला घेतली. शिष्या पुढे झाली, पण तिने त्याला उचलले नाही. ती त्याच्यासमोर फरशीवर बसली.

“घरात धरायला काय आहे, दत्ताराम?”

तो विचारात पडला. “खाट हलते. कोपऱ्यात आईचं जातं आहे, ओट्यात बसवलेलं. ते हलत नाही.”

“किती उंच?”

त्याने जमिनीपासून हात वर धरून दाखवला. तिने आपला तळवा त्याच्या हाताखाली त्याच उंचीवर धरून ठेवला, आणि सेवकाला सांगितले की, एवढ्या उंचीचे, न हलणारे काहीतरी घेऊन ये.