उजवा कौल

समुद्र नुसता बघण्यासाठीही असतो, हे माणसांना सुचलंसुद्धा नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

किनाऱ्यावरच्या एका डोंगरात जनावरांचं गाव होतं. गावकार कोल्ह्याच्या मनात आलं, की उतारावरची झाडं पाडली तर घरबसल्या समुद्र दिसेल, परगावचे पाहुणेही येतील. पण डोंगरदेवाचा कौल घेतल्याशिवाय पानही तोडायची रीत नव्हती.

कौल लावायचा मान साळिंदर गुरवाचा. त्यानं देवाच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

डावी पडली. साळिंदराला नवल वाटलं नाही. उतारावरची माती मुळांनीच धरून ठेवलीय, हे त्यानं बीळ उकरताना पाहिलं होतं.

"देवाला नीट ऐकू गेलं नसेल," कोल्हा म्हणाला. "पुन्हा लावा, गुरवबुवा."

पुन्हा डावीच. तिसऱ्यांदाही डावीच. चौथ्या खेपेला साळिंदरानं डावी पाकळी जरा दाबून चिकटवली. मान टिकवायचा तर गावकाराचं मन राखायला हवं. उजवी पडली.

"व्हय म्हाराजा!" सगळं गाव गरजलं. गव्यांनी आठवडाभरात झाडं आडवी केली. समुद्र फारच सुंदर दिसू लागला.

आषाढात सात दिवस पाऊस कोसळला, आणि डोंगराची एक बाजू ससेवाडीला पोटात घेऊन थेट समुद्रात उतरली.

चिखलाच्या काठावर उभं राहून कोल्ह्यानं विचारलं, "गुरवबुवा, कुठली बाजू पडली?"

"उजवी," साळिंदर कसाबसा म्हणाला.

"बघा! म्हणजे देवाचा होकारच होता."

"व्हय म्हाराजा," उरलेले म्हणाले. साळिंदराचा आवाज सगळ्यांत मोठा होता.